पद्माकररावांची मान

बँकेतून निवृत्त झाल्यावर पद्माकरराव सिंगापुरातल्या बेडोकच्या कम्युनिटी क्लबात चिनी आजी-आजोबांना इंग्रजी शिकवू लागले. चारचौघांत बोलायला ते बिचकत, पण या वर्गावर त्यांचा जीव जडला होता.

त्या मंगळवारी ‘टेक’ हे क्रियापद होतं. चिनीत औषध ‘खातात’ आणि बसमध्ये नुसतं ‘बसतात’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘टेक’. पद्माकररावांनी खिशातली लिमलेटची गोळी औषध म्हणून गिळून दाखवली, मग खुर्च्यांची बस मांडून तीत चढले. वर्ग खूश.

सोयाबीनच्या दुधाचा स्टॉल चालवणाऱ्या को मॅडम उठल्या. त्यांची नात मेलबर्नला, फक्त इंग्रजी बोलणारी. तिच्याशी बोलता यावं एवढ्यासाठी या वयात त्या वर्गाला येत.

“आय टेक बस.”

पद्माकररावांनी खुशीने मान डोलावली. आपल्याकडे डोलावतात तशी, या खांद्याकडून त्या खांद्याकडे.

को मॅडमचा चेहरा उतरला. “आय सिट बस?”

चुकलं, पण धीर तर केला! म्हणून पद्माकररावांनी कौतुकाने पुन्हा तशीच डोलावली. को मॅडम मटकन खाली बसल्या. पुढच्या मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी.

“मला शिकवता येत नाही,” घरी येऊन पद्माकरराव बायकोला म्हणाले. “दुसरा शिक्षक बघा, असं क्लबला कळवतो.”

ऋताताईंनी सगळा प्रसंग करून दाखवायला लावला आणि त्या हसतच सुटल्या. “अहो, त्यांना ती मान ‘नाही’ म्हणताना दिसली. बघायला आलात तेव्हा मलाही कुठे कळलं होतं, मी पसंत आहे की नाही ते!”

सकाळी पद्माकरराव स्टॉलवर हजर, मोडक्यातोडक्या चिनीत सांगू लागले. “मॅडम, टेक बस बरोबर होतं. माझी मान अशी हलली की समजायचं, मला आवडलं.”

को मॅडमनी हातातला डाव खाली ठेवला. “खरंच? मला वाटलं, माझ्या डोक्यात काही शिरत नाही. नातही अशीच मान हलवेल.” मग दोन्ही हातांनी दुधाचा ग्लास त्यांच्यापुढे धरला. पैसे घेतले नाहीत.

मंगळवारी त्या आल्या, उभ्या राहिल्या. “आय टेक प्लेन. आय सी माय ग्रँडडॉटर.”

पद्माकरराव हनुवटी तळहातात घट्ट धरून बसले होते.

“टीचर, हात काढा लाह,” को मॅडम सिंगापुरी ठेक्यात म्हणाल्या. “मान बघू द्या.”