एका टर्मिनलवरची चाचणी

मी तशी फटकळ. पण उद्यमनगरातल्या त्या पंपांच्या कारखान्यात माझी वाचाच बसली होती. नोकरी तात्पुरती होती. काम जमलं तर कायम, नाहीतर घरी.

संगणक नवा आला होता. एकाच मशीनला जोडलेले तीन टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कळफलक, आणि एक प्रिंटर. दोघं जण मालाची आवक-जावक भरायचे आणि मी दुपारी माल बाहेर पाठवायची चलनं छापायची. मी छपाईची कळ दाबली की सगळं ठप्प! सकाळपासूनचं तिघांचं काम पाण्यात, आणि भरलेला ट्रक चलनासाठी फाटकात उभा.

"बाई, तुमी हात लावला की बंद पडतंय की वो!" स्टोअरकीपर अख्ख्या खात्याला ऐकू जाईल असं ओरडायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

संगणकाच्या कंपनीने तोवर एक टेप पाठवली होती. संगणकाच्या मुळाशी जो प्रोग्रॅम असतो, कर्नेल, त्याची ती सुधारलेली आवृत्ती. आमच्या साहेबांनी ती कपाटात ठेवली. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मशीन एकच, नवं कर्नेल बिघडलं तर कारखाना अडणार. आधी तपासायचं, मगच घालायचं. त्यासाठी त्यांनी खंडेनवमी निवडली, कारण त्या दिवशी सगळं बंद असतं.

"साहेब, तपासताना आम्ही तिघं एकदम बसतो, प्रिंटरही लावू," मी म्हटलं.

"तुम्ही आपलं टायपिंग बघा."

खंडेनवमीला लेथपासून टर्मिनलपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडल्या. "पूजा झालीया, आज कुनी यंत्राला हात लावायचा न्हाय," फोरमननी बजावलं. साहेबांनी विनवण्या करून कोपऱ्यातलं एक टर्मिनल तेवढं सोडवून घेतलं. त्यावर एकट्यानं बसून आधी जुनं कर्नेल चालवलं, मग नवं. दोन्ही सुरळीत चालली. चालणारच! एकट्याच्या कामाला जुनंही कधी अडलं नव्हतं. साहेबांनी मात्र ठरवलं की जुन्यात काही खोट नाही, खोट बाईंच्या हातात आहे. जुनंच चालू राहिलं, टेप पुन्हा कपाटात गेली आणि मला टायपिंगच्या क्लासला धाडलं.

मी पदवीधर, लग्न झालेली. शाळकरी पोरींच्या शेजारी बसून ए-एस-डी-एफ बडवत होते. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून कामावर उशीर होतो म्हणायची. हळूहळू मलाही वाटायला लागलं, आपलीच बोटं चुकत असतील.

मग साहेब रजेवर असताना संगणकाच्या कंपनीचा इंजिनिअर देखभालीला आला. त्यानं आम्हा तिघांना एकदम कामाला बसवलं, प्रिंटर लावला. मशीन अडलं. कपाटातली टेप काढून त्यानं नवं कर्नेल घातलं आणि पुन्हा सगळं तसंच करायला लावलं. मी डोळे मिटून कळ दाबली. प्रिंटर खडखडत राहिला. त्यानंतर मशीन अडलं नाही.

साहेब परतल्यावर त्यांना सगळं सांगितलं. "असेल, असेल," म्हणाले. पुढच्याच आठवड्यात व्यवस्थापकांसमोर मला उभी करून म्हणाले, "क्लासला घातल्यापासून बाईंचा हात बसलाय. आता कायम करायला हरकत नाही."

माझे दोघे सोबती तिथंच होते. त्यांना खरं ठाऊक होतं. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, आता ही फाडफाड बोलणार म्हणून. मलाही तसंच वाटलं होतं.

"तुमच्यामुळंच शिकले, साहेब," मी म्हणाले. पेढेही मीच वाटले.