काटा मधोमध

आमच्या गाडीचा मागचा डावा दरवाजा आतून उघडत नाही. एसी शेवटचा कधी चालला ते आठवत नाही, खालून कायम खडखड येते, आणि क्लच असला विचित्र की नवखा माणूस हमखास गाडी बंद पाडतो. तेरा वर्षांची छोटी गाडी, तीही दुसऱ्याची वापरून झालेली. मी शेचाळिसाव्या वर्षी हिच्यावरच शिकले, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

खरं दुखणं इंजिन तापण्याचं. आणि ते आम्हीच लावून घेतलेलं. चार वर्षं आम्ही रेडिएटरमध्ये घरच्या बोअरचं पाणी ओतत होतो. ज्या पाण्याने पातेल्याला आतून पांढरा थर धरतो, ते गाडीला कसं चालेल, एवढं साधं डोक्यात आलं नाही. कूलंट म्हणजे रंगीत पाणी विकायचे धंदे, असं नवरा म्हणायचा आणि मीही मान डोलवायचे. शेवटी शिळफाट्याच्या मेकॅनिकने रेडिएटर काढून दाखवला. आत नुसता चुना. नवा रेडिएटर, पंख्याची मोटर, मजुरी, सगळं धरून त्याने दहा हजार सांगितले. असंच रेटलंत तर इंजिनचं हेड जाईल आणि मग तिप्पट मोजाल, हेही सांगितलं. तोवरचा उपाय म्हणजे हीटर. स्टिअरिंगपुढचा तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागला की हीटर पूर्ण सोडायचा आणि काचा खाली करायच्या. इंजिनची उष्णता आत येते. माणूस भाजतो, गाडी वाचते.

नेमकं त्याच महिन्यात नवऱ्याला दम लागायला लागला. भाताचं पोतं उचललं की खाली बसायचा. खोपोलीच्या डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या, त्यांचाही खर्च जवळपास तेवढाच. घरात शिलाईचे जमवलेले दहा हजार होते, एवढेच. मी पाकीट त्याच्या हातात दिलं आणि बजावलं, आधी तुमची तपासणी, गाडी गेली खड्ड्यात. तो सकाळी गाडी घेऊन गेला, संध्याकाळी आला. म्हणाला, सगळं नॉर्मल हाय, पित्ताचा त्रास हाय. रिपोर्ट कुठेत विचारलं तर म्हणाला, कामाला जातो त्या कंपनीत जमा केले, पैसे परत मिळतील. माझा विश्वास बसला. बसला म्हणजे काय, मी शेजारीपाजारी सांगत सुटले की आमच्या घरात उगाच घबराट होती.

पुढच्याच आठवड्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागलेला. तिला आणायलाही तोच गाडी घेऊन गेला; त्या महिन्यात माझ्यावर गाडी काढायची वेळच आली नाही.

ऑक्टोबरचं ऊन. सकाळचे दहा वाजले असतील. नवरा ओट्यावर कोयत्याला धार लावत बसला होता, कापणी तोंडावर आलेली. मी आतून चहा घेऊन आले तर कोयता खाली पडलेला आणि हा छातीवर हात दाबून बसलेला. शर्ट घामाने चिंब. डावा हात जड झालाय म्हणाला. अ‍ॅम्ब्युलन्सला पाऊण तास लागेल असं फोनवर कळलं. मी शेजारणीला मुलीजवळ बसवलं, नवऱ्याला पुढच्या सीटवर टेकवलं आणि गाडी काढली.

निघतानाच हीटर पूर्ण सोडला. आज काटा वर सरकायची वाट बघायला वेळ नव्हता. रस्त्यात इंजिन उकळलं तर हा माणूस हातचा जाणार, एवढंच डोक्यात. गरम हवेचा झोत थेट त्याच्या तोंडावर येत होता. तो डोळे मिटून होता, ओठ पांढरे पडलेले. काचा खाली होत्या, पण बाहेरची हवा तरी कुठे गार? मी एक डोळा रस्त्यावर ठेवून त्याला सांगत होते, अहो, थोडं सोसा, गाडी पोचली पाहिजे. तो मान हलवायचा. एकदाही म्हणाला नाही की बंद कर.

पुढे रेल्वेचं फाटक लागलेलं. माझ्यापुढे दोन टेंपो, एक एसटी. उभ्या गाडीत इंजिन सगळ्यात जास्त तापतं, हे मला चांगलं माहीत. आता काटा चढणार म्हणून मी त्याच्याकडे टक लावून बसले. एक मिनिट गेलं. दोन गेली. काटा मधोमध. मी बोटाने काचेवर टिचकी मारली, म्हटलं काटाच अडकला की काय. मागच्या सीटवरून पाण्याची बाटली घेतली आणि बॉनेट उघडायला दरवाजा ढकलला, तर त्याने माझं मनगट धरलं.

"पाणी नको. हीटर बंद कर गं आता."

"गाडी उकळेल, अहो."

"नाय उकळत. रेडिएटर नवा हाय."

मला आधी कळलंच नाही. हा कधी बसवला, कशाने बसवला? मग ते पाकीट आठवलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने डोळे उघडले नाहीत, नुसतं म्हणाला, "पोरीची वेळ आली असती आन गाडी वाटेत पडली असती, तर?"

असा संताप आला मला. त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. हीटर बंद केला. घरापासून इथपर्यंत मी त्याला भट्टीत बसवून आणलं होतं आणि माझ्यासमोर खोटं उघडं पडू नये म्हणून तो गपगुमान भाजत राहिला होता. फाटक उघडलं. मी हॉर्नवरचा हात खोपोलीपर्यंत काढला नाही. गाडी सुरेख पळाली. काटा तसूभर हलला नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी हृदयाची तपासणी झाली होती का? गावभर नॉर्मल सांगत फिरलेली मी.

"नाही झाली," मी म्हटलं. "त्या पैशांत गाडी झाली."

तो वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. महिनाभर आधी कळलं असतं तर एवढं झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. आता तो जिना चढत नाही, पोतं उचलत नाही, गाडीही चालवत नाही. मुलीला आम्ही यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या पोटात बाळ असताना कसं सांगणार?

तिच्या कळा सुरू झाल्या तेव्हाही मीच गाडी काढली. तो ओट्यावर उभा राहून आम्हाला जाताना बघत होता. मुलगी मागे, उशीला टेकून. तेच फाटक, तेही नेमकं बंद. मी काट्याकडे बघत बसले.

"आई," ती मागून म्हणाली, "गाडी आता तापत नाय गं अजिबात."

"नाही तापत," मी म्हटलं. "तुझ्या बाबांनी दुरुस्त करून घेतली."