उगवतीचं दार

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि पहिल्याच हिवाळ्यात केरबाच्या हाताखाली सात तंबू आले. पावसानं दगा दिला होता, अहमदपूरच्या बाजूला तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. तंबू ठोकणाऱ्याला सरकारी कागदात खलाशी म्हणतात. केरबानं समुद्र कधी पाहिला नव्हता, पण या नावाची ऐट त्याला फार. त्यानं ठोकलेल्या खुंटीला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपत नसे.

खडी फोडणाऱ्या बायांची लेकरं ठेवायला एक तंबू होता. तो सांभाळायची चांगुणा, पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळी. तिची लेक सिंधू याच कामावर, आणि सिंधूचं महिन्याचं पोर याच तंबूत. त्याला खोकल्यानं धरलं होतं. नर्सबाईंनी बजावलं होतं, वारं लागू देऊ नका, छातीत भरलं तर पोर हाती लागायचं नाही.

आणि वारं तर सरळ आत. दाराच्या दोन पडद्यांच्या नाड्या तुटलेल्या, खालची कड सुटी. सकाळी वारं सुटलं की पडदे फडाफडा आपटायचे.

"केरबादादा, तंबूचं तोंडच फिरवा की," चांगुणा म्हणाली. "वारं उगवतीकडून यायलंय."

"आक्का, दार उगवतीलाच असतंय. घराला बी अन् तंबूला बी. बत्तीस वर्सं ठोकायलोय म्या."

केरबा बिनडोक नव्हता, हट्टी होता. त्याची बरीचशी कामं उन्हाळ्यातली. तेव्हा वारं मावळतीचं, ते तंबूच्या पाठीवर आदळायचं आणि साहेबलोक केरबाला वाखाणायचे. हिवाळ्यात वारं फिरतं, हे कळायला काही बत्तीस वर्षं लागत नाहीत. पण मान्य कोण करणार?

काळजी मात्र त्यालाही होती. त्यानं सुतळीच्या नव्या नाड्या लावल्या, पडदे एकावर एक चढवून बांधले, खालच्या कडेला पोत्याची पट्टी शिवून तिच्यात मुरूम भरला. दुसऱ्या दिवशी लांबून पाहिलं तर दार चिडीचूप. तिसऱ्या दिवशीही तसंच. मग तो मुकादमाला, गुरुपादप्पाला, मुद्दाम तिकडून घेऊन गेला.

"बघा, हाललं का?"

पाचव्या दिवशी वाऱ्यानं कहर केला. दार तरी हलेना. केरबाला आपल्याच हाताचं कौतुक वाटलं. बांधलेलं दार कशाला सोडा, म्हणून तो मागची कनात उचलून आत शिरला.

चांगुणा दाराला पाठ लावून बसली होती. मुरमाची पट्टी केव्हाच उसवली होती. पडद्याची कड तिनं अंगाखाली दाबून धरली होती. पोर तिच्या मांडीवर, पदराखाली शांत निजलेलं. तिच्या अंगात मात्र ताप फणफणत होता.

"कवापास्नं बसलाव, आक्का?"

"तुमी बांधून गेलाव, त्याच्या दुसऱ्या दिसापास्नं."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"सांगितलं हुतं की, दादा. पयल्यांदाच."

केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं सिंधूला हाक मारली. तिनं आईला शेजारच्या तंबूत निजवलं, बायांनी लेकरं हलवली. मग केरबा एकेक खुंटी उपटायला लागला.

गुरुपादप्पा धावत आला. "नीट उभा हाय की तंबू. कुणी सांगितलं उपटायला?"

"चांगुणाआक्कानं," केरबा मान वर न करता म्हणाला. "आठवडा झाला सांगून."