बाईंना आपली भाषा कळत नाही

आमची ही इंग्रजी शिकवते. कुणाला, तर ज्यांतल्या बहुतेकांना एकमेकांचीही भाषा येत नाही अशांना. लाँड्रीच्या वरची खोली, खालून इस्त्रीची वाफ वर येते, आणि त्या उबेत एक रंगारी, एक टॅक्सीवाला, हॉटेलातली एक स्वयंपाकीण, जुने कपडे मापात बसवून देणारी एक शिंपीण आणि आणखी काही मंडळी दाटीवाटीने बसतात. मी घड्याळं दुरुस्त करायचो. आता दुकान बंद केलंय, म्हणून हिला घरी न्यायच्या निमित्ताने मागच्या बाकावर बसतो आणि डुलक्या घेतो.

हिचं एक गुपित होतं. वडिलांच्या सततच्या बदल्यांमुळे ही गावोगावच्या भाषा अंगणात खेळताखेळता शिकली. वर्गातल्या बहुतेकांचं बोलणं हिला सरळ कळतं. पण वर्गात ही ठार अडाणी. कुणी आपल्या भाषेत काही विचारलं की असा मख्ख चेहरा करते की विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. "मला कळतं हे त्यांना कळलं, तर इंग्रजी कोण कशाला बोलेल?" असं तिचं म्हणणं.

परिणाम असा, की मंडळी तिच्यादेखत तिच्याविषयी खुशाल बोलत. रंगारी अंबाड्याबद्दल, टॅक्सीवाला आवाजाबद्दल. ही फळ्याकडे तोंड करून ऐकून घेई आणि घरी भाजी चिरताना मला सगळं हुबेहूब करून दाखवी. मला तर वाटतं, पगारापेक्षा तिला हेच जास्त आवडायचं.

शिंपीण मात्र इंग्रजीचं नाव काढलं की मिठाची गुळणी धरायची. कळायचं तिला सगळं. पण बोलायची पाळी आली की मान खाली. शेजारच्या स्वयंपाकिणीशी मात्र दोघींच्या भाषेत अखंड बडबड. त्या बडबडीतून हिला कळलं, की हॉस्पिटलात चादरी-कपडे शिवायची जागा निघाली आहे, सोमवारी मुलाखत आहे, तीही इंग्रजीत. नोकरी मिळाली तर बहिणीकडे ठेवलेल्या लेकीला इकडे आणता येईल. नाही मिळाली तर गाशा गुंडाळून परत.

त्या दिवशी घरी नक्कल झाली नाही. ही नुसती भाजी चिरत राहिली, नको इतकी बारीक.

"तिच्या भाषेत चार धीराचे शब्द बोल की," मी म्हटलं.

"आणि उद्यापासून वर्ग कोण चालवणार? तुम्ही?"

मला वर्गात फक्त झोपता येतं.

शुक्रवारी हिने मुलाखतीचं नाटक ठेवलं. स्वतः हॉस्पिटलची साहेबीण होऊन टेबलामागे बसली आणि शिंपिणीला समोर बोलावलं. काम काय करता, असं इंग्रजीत विचारलं. शिंपीण नुसती पदराशी चाळा करत राहिली. हिने पुन्हा विचारलं. मग शिंपीण उठली, पिशवी उचलली आणि स्वयंपाकिणीला आपल्या भाषेत काहीतरी सांगून दाराकडे निघाली. ते काय, हे मला नंतर कळलं: "जाते मी. लेक लांब ठेवल्यावर काय होतं, ते या बाईला काय कळणार?"

ही तिच्याच भाषेत म्हणाली, "कळतंय. बस खाली."

रंगाऱ्याने घाबरतघाबरत आपल्या भाषेत काही विचारलं. हिने त्याला त्याच्या भाषेत उत्तर दिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अंबाडा आठवला असणार.

शिंपीण आधी लाल झाली. मग पिशवी टेबलावर आपटून तिने जे तोंड सोडलं ते इंग्रजीत. "यू नो. ऑल टाइम यू नो. आय से युवर हेअर, यू सायलेंट. आय से युवर हजबंड स्लीप लाइक बफेलो, यू सायलेंट. नॉट गुड, टीचर."

रेड्याचा हा प्रवेश आमच्या घरी कधी सादर झाला नव्हता. मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे बघेना.

"अँड व्हॉट वर्क डू यू डू?" हिने शांतपणे विचारलं.

"आय कट. आय स्टिच. बॅड क्लॉथ, आय मेक गुड," शिंपीण त्याच तावात म्हणाली, आणि मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन मटकन खुर्चीत बसली.

सोमवारी संध्याकाळी ती धावतच जिना चढून आली. नोकरी मिळाली होती. कशी, तर तिच्याच शब्दांत, "आय थिंक टीचर फेस. आय गेट अँग्री. आय टॉक." ही खूप हसली आणि मग डोळे पुसायला खिडकीशी गेली. मला मात्र काळजी होती. गुपित फुटलं, आता हिचा वर्ग कसा चालणार?

मग शिंपिणीची लेक आली. दोन वेण्या, बावरलेली नजर. पहिल्याच दिवशी आईच्या कानात काहीतरी कुजबुजली. आईने तिला कोपराने ढोसलं आणि हिच्याकडे बघत मोठ्याने काही सांगितलं. स्वयंपाकिणीने लगेच वर्गाला इंग्रजीत समजावलं, "शी से, टॉक फ्री. टीचर नो अंडरस्टँड."

"येस," रंगारी गंभीरपणे म्हणाला. "टीचर नथिंग अंडरस्टँड."

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. हिने तोच जुना मख्ख चेहरा केला, पण तो टिकेना, म्हणून फळ्याकडे वळली.

पोर आता धीट झाली. माझ्याकडे बोट दाखवून तिने आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. ती भाषा मला येत नाही, पण प्रश्न कळला. मी डोळे मिटले आणि डुलायला लागलो.