भासऱ्याची सायकल आन माह्या लेकराचा पायना

पायना आडव्या अंगानं वर चढून राह्यला होता, आत माहं पोट्टं, आन आमचे भासरे डोये मिटून यवतमाळले चालले होते! मी चुलीपासून पिठाच्या हातानंच धावली. असा मानूस तुमी नेरपासून उमरखेडपर्यंत दिवा घेऊन धुंडला तरी भेटनार नाही, हे मी देवाची आन घेऊन सांगते.

भासरे म्हनजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ. बाभुळगावच्या जत्रेत हिवायात सायकलीची शर्यत लागते, यवतमाळवरून नेरले जायचं आन परत यायचं. भासरे दर साली जातात, दर साली मागून पयले येतात, आन घरी येऊन म्हनतात, "औंदा पाय गरम व्हायलेच उशीर लागला." पन पावसाया लागला का आमच्या काया मातीत सायकल चालतच नाही. चिखल चाकात असा भरते का मानूस सायकलीवर नाही, सायकलच मानसाच्या खांद्यावर बसून घरी येते. मंग पाय थंडे पडू नये मून हे ओसरीत सायकल स्टँडवर उभी करतात आन जागच्या जागी पायडल मारतात. धोतर वर खोसलेलं, कपायाले गमछा. मंधातच वरडतात, "मा, नेर आलं!" मंग सासू चहा नेऊन देते आन म्हनते, "घे बाप्पा, नेरचा चहा. पन दूध आपल्याच घरचं संपून राह्यलं!"

सरावन आला का हौस मरते. सीटवर बसल्या बसल्या डुलक्या. औंदा त्याहिनं इलाज काढला. माह्या लेकराच्या पायन्याची दोरी पायडलले बांधली. पायडल फिरलं का पायना हालते, थांबलं का पोट्टं भोकाड पसरते. "हा माहा मास्तर," म्हने, "बिनाछडीचा!" मी तं खुशच, हात मोकये, लेकरू निजलेलं! जाऊबाई वारल्यापासून भासऱ्याले एवढं हासतानी कोनी पाह्यलं नोयतं.

त्या दिवशी सारे निंदाले वावरात गेलते. घरात मी, लेकरू आन भासरे. दोरी पायडलवरून सटकली, मागच्या चाकात गुंडायली, आन पायना वढू लागली. आता आमच्यात सून भासऱ्यासंग बोलत नाही, डोक्यावरचा पदर हालू देत नाही, सावलीसुदा चुकवते. बोलाचं असलं तं दुसऱ्या कोनाले तरी सांगाचं. दुसरं होतं कोन? दारात बकरी होती. मी बकरीवरच वरडली, "अवं, सांग ना त्याहिले, थांबा मनाव!"

भासरे डोये न उघडता बकरीलेच म्हनतात, "सांग तिले, चढ लागला. आता थांबलो तं मेहनत पान्यात!"

पायना आनखी वर! लेकराचा एक पाय बाहेर! मंग मले काही सुधरलंच नाही. पदर कुठी गेला कुठी नाही, मी जाऊन भासऱ्याचा पायच धरला दोन्ही हातानं. "थांबा! मरते न माहं लेकरू!"

चाक थांबलं. पोट्टं खदखदा हासून राह्यलं होतं. भासऱ्यानं त्याले उचललं. माह्याकडं पाह्यलं नाही. दोरी सोडली, सायकल गोठ्यात नेऊन ठेवली.

"काहून रे, आज नेर नाही आलं?" संध्याकायी सासूनं विचारलं.

"पाय दुखते, मा."

माह्या नावाचा चकार शब्द नाही. तवापासून हेच चालू हाये. सायकल गोठ्यात, भासरे ओसरीत, खांबाले टेकून. लेकरू रडलं का उठतात, पायन्याजवय येतात, मले पाहून मागं सरकतात. अजून अर्धा पावसाया बाकी हाये. सासू म्हनते तिच्या मोठ्या पोराले नजर लागली. खरं सांगतलं तं गाव म्हनन, सून भासऱ्यावर वरडली, उघड्या डोक्यानं त्याच्या अंगाले हात लावला. नाही सांगतलं तं ज्यानं माह्या अब्रूसाठी तोंड शिवलं तो मानूस बसल्या बसल्या सुकून राह्यला. बायांनो, माह्या जागी तुमी असत्या तं काय केलं असतं?