सिद्धम्माचा पूजेतला फोटो

मुरुडचे वीरण्णा लातूरच्या एका डाळमिलमध्ये मापाडी होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात साबणाच्या वडीएवढा कॅमेरा कायम असे. एसटीत, बाजारात, टँकरभोवतीच्या गर्दीत तो सहज बाहेर निघे. स्टुडिओतला मोठा कॅमेरा माणसाला श्वास रोखायला लावतो, म्हणून तो त्यांना आवडत नसे. त्यांच्या फोटोंत माणसे भांडत, जांभया देत, शेंगा फोडत. मिलच्या धुळीतून परतलेला हा अबोल माणूस त्या खटक्यासरशी लहान मुलासारखा खुलून जाई.

लातूर जिल्हा झाला, त्या वर्षी पावसाने दगा दिला. शेजारच्या सिद्धम्माचा एकुलता मुलगा बसवंत सोलापूरला गिरणीत होता. सणावारालाही तो फिरकत नसे.

"वीरण्णा, येक फोटू काढ माझा. त्याला धाडू. तोंड बघितलं की तरी येईल. खुर्चीवर बसवून, डोळे उघडे काढ."

"खुर्चीवर नवरदेवाचा मामा बसतो, अव्वा," वीरण्णा हसले.

एका सकाळी ती भिंतीला टेकून पूजेला बसली होती. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर गळ्यातले इष्टलिंग, डोळे मिटलेले, अंगावर कोवळे ऊन. वीरण्णांनी दारातूनच फोटो घेतला. इतका सुंदर फोटो त्यांच्या हातून पूर्वी निघाला नव्हता. दुसरा काढायची त्यांना गरज वाटली नाही. ओळखीच्या कंडक्टरने तो सोलापूरला नेला. बसवंतच्या दाराला कुलूप दिसले, तेव्हा काही निरोप न सांगता फोटो शेजारणीच्या हाती देऊन तो परतला.

लिंगायतांत माणूस गेले की त्याला असेच बसवतात. भिंतीला टेकवून, विभूती लावून, हातावर लिंग ठेवून. मातीला नेण्यापूर्वी फोटोही काढतात. वीरण्णांनी असे कितीतरी देह पाहिले होते. जिवंत सिद्धम्माकडे पाहताना त्यांना त्यातला एकही आठवला नाही.

महिना उलटल्यावर बसवंत बायकोला, दानम्माला, घेऊन आला. सिद्धम्मा उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. दानम्मा किंचाळली. बसवंत वीरण्णांवर उखडला.

"काका, जित्या माणसाचा असला फोटो धाडतेत व्हय? अव्वा गेली म्हणून जंगमाला जेवू घातलं आम्ही. भिंतीवर लावून हार घातला."

"पूजेतला होता रे."

सिद्धम्माला एवढेच दिसत होते, की मुलगा आला. "बस की. भाकरी टाकते."

"जेवाया न्हाई आलो. गिऱ्हाईकाला घर दावाया आलतो."

तिचा हात तुरीतच थांबला. "मी मेले म्हणून कळल्यावर बी लगेच आला न्हाईस?"

"माती झाली असंल म्हणलं. मग पळत येऊन काय करायचं?"

"आता दुसऱ्यांदा आमच्यानं येणं हुयाचं न्हाई, आत्याबाई," दानम्मा म्हणाली. "एकदा सगळं केलंय."

गिऱ्हाईक चौकात थांबले होते. बसवंतने त्याला सांगितले, "थोडं थांबावं लागंल." दुपारच्या गाडीने दोघे निघून गेले. तो पुन्हा आला नाही.

"लेकानं घरात माझा फोटू लावलाय," सिद्धम्मा पुढे गल्लीत ज्याला त्याला सांगे. वीरण्णा जवळ असले, तर त्यांच्याकडून वदवूनही घेई. ते मान हलवीत. हाराचे ती कुणाला सांगत नसे.