लेखक एक, संपर्क दुसरा

किशोरीचा भाऊ शैलेश काविळीनं गेला, त्या वर्षी ती बेलापूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती. करंजा गावचं घर चुलत्यांवर सोपवून मायलेकी पनवेलला, शैलेशनंच घेतलेल्या दोन खोल्यांत राहत होत्या.

नोकरी सांभाळून शैलेशनं एक छोटं सॉफ्टवेअर पॅकेज लिहिलं होतं, बंदरांची भरती-ओहोटी सांगणारं. कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं. प्रत्येक पॅकेजसोबत एक माहितीची फाईल असते, तिच्यात त्याचं नाव आणि मेलचा पत्ता होता. त्यामुळे तो गेल्यावरही परदेशातून मेल येत राहिले, ते आता किशोरी वाचायची.

संध्याकाळी किशोरी चप्पल काढतेय तोवर आई, भीमाबाई, विचारायची, "आज कोनी लिवलंय गो शैलेशला?"

"नॉर्वेचा एक हाय, आये. त्याच्या गावची भरती चुकते म्हनतो."

"मंग नीट सांग त्याला."

आईला वाटायचं, एवढी माणसं पोराची आठवण काढतात. तो नाही हे त्यांना ठाऊकच नाही, हे सांगायला किशोरीची जीभ रेटत नसे. ती शैलेशच्या नावानं उत्तरं द्यायची. पण एकानं लिहिलं, 'कधी इकडे आलास तर माझ्याच घरी उतर,' आणि तिला ते खोटं पेलवेना.

तिनं पत्ता बदलायला घेतला, तर अशा फाईलींच्या नियमात लेखक आणि संपर्क मिळून एकच रकाना. पत्ता दुसऱ्याचा घालायचा तर शैलेशचं नाव पुसावं लागणार. मग हे नियम ठरवणाऱ्या मंडळींनाच तिनं लिहिलं, दोन रकाने करा. महिनोन् महिने वाद चालला. जुन्या फाईली बंद पडतील, असं कुणी म्हणालं. जो हयातच नाही त्याचं नाव कशाला, असंही एकानं विचारलं. त्या दिवशी किशोरी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडली. परत येऊन तिनं लिहिलं, 'सांभाळणारा बदलतो. लिहिणारा बदलत नाही.' नव्या नियमाचा मसुदा तिनंच केला, लोकांच्या शंका घेऊन पुन्हा पुन्हा दुरुस्त केला. अखेर तो मंजूर झाला. पोर्तुगालच्या एका बाईनं पॅकेज सांभाळायला घेतलं, आणि किशोरीनं तिचा पत्ता घातला.

मेल थांबले.

आईनं चार-पाच दिवस विचारलं. मग म्हणाली, "इसरली वाटतं समदी."

"नाय आये. आता ती दुसरीला लिवतात. मीच तसं केलं." आणि मग किशोरीनं सगळंच सांगितलं.

भीमाबाईनं विचारलं, "म्हंजे ती मानसं त्याला जिता समजत होती?"

"हो."

"आनि तू ते बी मोडलंस."

त्या रात्री ती जेवली नाही. पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. शेवटी एका रविवारी स्वतःच येऊन कॉम्प्युटरपाशी बसली. "दाव त्याचं नाव कुठं हाय."

किशोरीनं फाईल उघडून नावाखाली बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरं आईला येत नव्हती. तिनं पदरानं हात पुसला आणि त्या ओळीवरून हळूच फिरवला.

"आनि त्याचा पत्ता?"

"लिवनाऱ्याला पत्ता नसला तरी चालतो, आये. नियमात तसं घातलंय."

"कोनी घातलं?"

"मीच."

भीमाबाईनं मान डोलावली. ती उठली नाही.